मुठीवरच्या चार टेकड्या

सकाळी साडेसहापासून मी लोकांना सांगत असते, "मूठ आवळा. आता सोडा." संध्याकाळी साडेसहानंतर हेच मला दुसरं कोणीतरी सांगतं. गेली अनेक वर्षं माझे दिवस या दोन वेळांच्या मध्ये चालले आहेत.

सकाळी मी हडपसरच्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. संध्याकाळी बॉक्सिंग करते. हौस म्हणून नव्हे, माझ्याकडे व्यावसायिक बॉक्सरचा परवाना आहे आणि लढतीचं मानधन मिळतं. मानधन मिळतं म्हटलं की लोक विचारतात, मग नोकरी कशाला? आकडा सांगितला की विचारायचं थांबतात.

व्यावसायिक बॉक्सिंग म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगते. शाळा-कॉलेजच्या स्पर्धेत डोक्यावर संरक्षक टोप असतो, फेऱ्या कमी असतात. इकडे टोप नाही, ग्लोव्ह लहान आणि फेऱ्या जास्त. आम्हा बायकांची एक फेरी दोन मिनिटांची. दोन मिनिटं म्हणजे काही नाही असं वाटत असेल, तर दोन मिनिटं नुसते हात खांद्याच्या वर धरून उभं राहून पाहावं. वर्षात दोन लढती मिळाल्या तर ते वर्ष चांगलं. त्यामुळे माझ्या ओळखीतला प्रत्येक बॉक्सर काहीतरी दुसरं करतो. कोणी सिक्युरिटीत आहे, कोणी कंपनीत रात्रपाळी करतो. मी रक्त काढते.

मी मूळची दिग्रसची. वडील जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचे, आई चार घरच्या पोळ्या करायची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. नगरपरिषदेच्या शाळेत खेळाच्या बाईंनी मला जुने, फाटके ग्लोव्ह दिले, आणि त्याच बाईंनी बी.एस्सी.चा फॉर्मही भरून घेतला. त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात केल्या. म्हणून असेल कदाचित, मला यातली एक खरी आणि दुसरी फावल्या वेळातली असं कधी वाटलं नाही. पुढे लॅबचा डिप्लोमा करायला पुण्यात आले आणि इथलीच झाले.

पुण्यात बॉक्सिंग शिकवणारा माणूस शोधत मी सत्तारभाईंच्या दुकानात पोहोचले. हडपसरमध्ये त्यांचं रिक्षाचे हुड आणि सीट शिवायचं दुकान आहे. त्यांचे वडीलही हेच करायचे. तरुणपणी सत्तारभाईंनी बरीच बॉक्सिंग केली आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर बॅगा टांगून ठेवल्या. त्या बॅगा त्यांनीच रेक्झिन शिवून केलेल्या, त्यामुळे काहींवर अजून पिवळी-काळी पट्टी आहे. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला, मूठ आवळायला लावली आणि बोटांच्या मुळाशी वर आलेली चार हाडं एकेक करून दाखवली.

"या चार टेकड्या. पुण्यात राहायचं तर टेकड्या सांभाळायच्या," ते म्हणाले. "मारायचं ते पहिल्या दोन टेकड्यांनी. शेवटच्या दोन बिचाऱ्या नाजूक आहेत."

माझी दोन्ही कामं हातांची आहेत, आणि दोन्हींत हाताला बघण्यापेक्षा कळणं महत्त्वाचं. नस डोळ्यांनी शोधायची नसते. डाव्या हाताचं पहिलं बोट कोपराच्या खाचेत ठेवायचं आणि हलकं दाबायचं. स्नायूची दोरी ताठ लागते. नस मात्र मऊ असते, दाबली की उसळी घेते. ती उसळी लागली की उजव्या हाताने सुई आत. आमच्या लॅबचा नियम असा की, दोनदा टोचून रक्त आलं नाही तर तिसऱ्यांदा आपण टोचायचं नाही. माफी मागायची आणि दुसऱ्या माणसाला बोलवायचं. ऐकायला सोपा नियम आहे. पाळायला अवघड, कारण तिसऱ्या वेळी नक्की जमेल असं दर वेळी वाटतं.

धायरीचे खांबेटे काका माझे सगळ्यात जुने पेशंट. हडपसरहून धायरी म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं गाठणं, पण काका दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आणि दर महिन्याला तपासणी. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, जमिनीखालच्या केबल जोडणारे. एका केबलमध्ये शेकडो बारीक तारा असतात, त्या अंधाऱ्या खड्ड्यात बसून बोटांनी ओळखायच्या. पहिल्याच दिवशी माझं बोट नसेवर फिरताना बघून ते म्हणाले होते, "हं. म्हणजे तुम्हाला येतं." पुण्यात याला कौतुक म्हणतात, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मी बॉक्सिंग करते हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "अहो, सकाळी काढून पुरत नाही का?"

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

तेव्हा मी एकतिशीत होते. सोलापूरकडच्या रेणुकाशी माझी लढत ठरली होती. जी जिंकेल तिला पुढे पट्ट्यासाठी, म्हणजे विजेतेपदासाठी लढायला मिळणार होतं. माझ्या वयाला अशी संधी पुन्हा येईल असं कोणी म्हणत नव्हतं, मीही नाही. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जिंकली त मले सांगजो. हारली त आधी सांगजो."

लढतीच्या दहा दिवस आधी घरोघरच्या नमुन्यांची यादी लांबली. सिंहगड रोडला गाड्या अडकून पडल्या होत्या, नमुन्यांची थंड पेटी वेळेत लॅबला पोहोचवायची होती. सरावाला पोहोचले तेव्हा सगळे थांबले होते. बॉक्सर ग्लोव्हच्या आत हाताला लांब कापडी पट्टी बांधतो. टेकड्यांवर तिची घडी घालून गादी करायची, मग बोटांच्या मधून फिरवायची. नीट बांधायला दहा मिनिटं जातात. मी दोन मिनिटांत बांधली. गादी केलीच नाही, मनगटावर गुंडाळली आणि उभी राहिले. तिसऱ्या फेरीत समोरची मुलगी खाली वाकली आणि माझा उजवा हात तिच्या कपाळावर बसला. वाकडा बसला. शेवटच्या दोन टेकड्यांवर.

आवाज आला नाही. फक्त कोपरापर्यंत गरम पाणी सांडल्यासारखं वाटलं.

मी सत्तारभाईंना सांगितलं, मुका मार आहे. त्यांनी बर्फ दिला. लॅबच्या शेजारीच एक्स-रे काढून मिळतो, रोज तिथल्या मुलांबरोबर मी चहा पिते. तिथे गेले नाही. कारण तिथे गेले असते तर कळलं असतं.

चौथ्या दिवशी खांबेटे काकांची तारीख होती. हात बराच सुजला होता, पण हातमोजे घातले की दिसत नव्हतं. डाव्या बोटाला नस नेहमीसारखी लागली. उजव्या हातात सुई धरली आणि करंगळी टेकवताना हात हलला. नस सरकली. दुसऱ्यांदा तेच झालं. आता थांबायचं होतं. मी म्हटलं, "काका, एकदाच अजून." त्यांनी हात तसाच पुढे ठेवला. तिसऱ्या वेळी रक्त आलं, निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली, पण दंडाला बांधलेला पट्टा सोडेपर्यंत त्यांच्या कोपराच्या आत जांभळा डाग पसरायला लागला होता. पातळ रक्ताच्या माणसाला असा डाग लगेच थांबत नाही. मी बराच वेळ कापूस दाबून बसले.

काका माझ्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "केबलमध्ये आमचा एक जण होता. एक बोट बधिर झालं, त्याने सांगितलं नाही. अर्ध्या पेठेचे फोन उलटे लागायला लागले." मी हसले. "हसण्यासारखं नव्हतं ते," काका म्हणाले.

मी लॅबला काही कळवलं नाही. काकांनीही तक्रार केली नाही. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज याची वाटते.

लढत वाघोलीला होती, लग्नाच्या एका लॉन्सवर. आपल्याकडे बॉक्सिंगसाठी वेगळी जागा कुठली? स्टेजच्या जागी रिंग, खुर्च्यांना अजून सॅटिनचे झगे, आणि आम्हाला तयारीला दिलेल्या खोलीच्या दारावर पाटी, 'वधूपक्ष'. रेणुकाच्या लोकांना समोरची 'वरपक्ष' मिळाली होती. आदल्या दिवशी वजन झालं, डॉक्टरांनी तपासलं. त्यांनी हात दाबला तेव्हा मी त्यांच्याशी हवापाण्याचं बोलत होते. वेदना लपवायचा सराव आम्हाला असतोच, बाकी शिकवलेलं विसरलं तरी.

लढतीआधी हातांना पट्टी बांधायची एक रीत आहे. समोरच्या बॉक्सरच्या बाजूचा एक माणूस आपल्या खोलीत येतो. आधी उघडे हात बघतो, मग बांधून होईपर्यंत शेजारी उभा राहतो. पट्टीच्या आत काही कडक वस्तू लपवून मारणारे लोक होऊन गेले आहेत, म्हणून ही रीत. त्याची खात्री पटली की अधिकारी पट्टीवर सही करतो आणि ग्लोव्ह चढतो. थोडक्यात, तो माणूस तुमच्यावर अविश्वास दाखवायलाच आलेला असतो.

सत्तारभाई हसत होते. "वरपक्षाकडून मुलगी बघायला कोण येतंय?"

आले ते बनसोडे सर, रेणुकाचे प्रशिक्षक. साठीचे, पांढरा शर्ट, गळ्यात टॉवेल. मी हात पुढे केले. दिवसभर बर्फ लावून सूज उतरवली होती. मी त्यांच्याकडे बघून हसले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही.

"मूठ आवळ, पोरी," ते म्हणाले.

मी आवळली. ते खाली वाकले, डाव्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग उजव्या. एक, दोन, तीन. थांबले. पुन्हा पहिल्यापासून फिरवला. एक, दोन, तीन.

"चौथी कुठं हाय?"

मी बघितलं. दहा दिवस मी त्या हाताकडे बघितलं नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल. करंगळीच्या मुळाशी जिथे हाड वर यायला हवं तिथे सपाट होतं. टेकडी बसली होती.

सत्तारभाईंच्या हातात पट्टीची गुंडाळी तशीच होती. बनसोडे सरांनी अधिकाऱ्याला हाक मारली आणि सांगितलं, "हिचा हात मोडलाय. डॉक्टरला बोलवा." मी म्हटलं, जुनं आहे, असाच आहे माझा हात. ते म्हणाले, "मग जुना हाय तर आवाज न करता हे सोस," आणि डॉक्टर आल्यावर नेमकी जागा दाखवली. डॉक्टरांनी तिथे दाबलं. मी आवाज केला.

लढत रद्द झाली. माझ्याबरोबर रेणुकाचीही. तीही उपाशी राहून वजन उतरवून आली होती, तिलाही काही न करता परत जावं लागलं. त्या रात्री मला एवढंच दिसत होतं की, या माणसाने माझी संधी घालवली. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते जाताना दारात म्हणाले, "हाड जुळतंय. नीट बसवून घे." मी पाठ केली.

परतताना रिक्षात सत्तारभाई म्हणाले, "चूक माझी. दहा दिवस मी तुझ्या तोंडाकडे बघून विचारत होतो. हाताकडे बघायला पाहिजे होतं."

एक्स-रे निघाला. करंगळीच्या मागचं हाड मोडून वाकलं होतं. हाडाचे डॉक्टर म्हणाले की, अशा हाताने एखादी फेरी झाली असती तर तुकडे झाले असते. मग पकड पहिल्यासारखी आली असती की नाही, ते सांगता येत नव्हतं. ग्लोव्ह घालता आला असता. सुई धरता आली असती असं त्यांनी सांगितलं नाही.

ते ऐकून मी पहिल्यांदा रडले. लढत गेली तेव्हा रागाने डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वेगळं. आईला फोन केला. "काहून वं, आवाज असा काहून येऊन राहिला तुहा?" सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या मास्तरचं भलं होवो."

लॅबच्या मॅडमना मी सगळं सांगितलं, काकांच्या तिसऱ्या टोचण्यासकट. त्यांनी लेखी घेतलं, खडसावलं आणि प्लास्टर निघेपर्यंत रिपोर्टच्या टेबलावर बसवलं. काकांकडे माफी मागायला गेले तेव्हा ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसले होते, उन्हाळ्यात. माझं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "डावा हात काय सुट्टीवर आहे?"

मला कळलं नाही.

"खड्ड्यात एका अंगाला झोपून काम करावं लागलं की आम्ही डाव्याने जोडायचो. शिकायचं. घाईचं काम नाही, आता वेळ आहे तुमच्याकडे. हवं तर माझा हात आहे." मी म्हटलं, तुमचा सोडून कोणाचाही.

तर मी डाव्या हाताने सुई धरायला शिकले. आधी लॅबमधल्या रबरी हातावर, मग मॅडमच्या देखरेखीखाली सहकाऱ्यांवर. शेवटी सत्तारभाई स्वतःहून आले. दिवसभर दाभणाने रेक्झिन शिवणारा माणूस, नाकाचं हाड दोनदा मोडून घेतलेला, पण सुई दिसली की चेहरा पांढरा. मान भिंतीकडे वळवून, डोळे मिटून ते बसले. मी म्हटलं, मूठ आवळा. त्यांनी पायाचीही बोटं आवळली. एका टोचण्यात झालं. "झालं?" "झालं." "लागलं नाही." मग डोळे उघडून नळीतलं रक्त बघितलं आणि तिथेच आडवे झाले. मॅडमनी साखरपाणी आणलं.

हात जुळायला वेळ लागला, पण जुळला. वाट बघताना सरावात मी फक्त डावा हात वापरायचे, आणि सकाळी डाव्याने सुई धरायची सवय झाल्यावर संध्याकाळचा डावाही शहाणा झाला. त्याला थांबायचं कळायला लागलं, हलकं जायचं कळायला लागलं. असं होतं का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. मला वाटतं होतं.

पुढच्या वर्षी रेणुकाशीच लढत लागली. पट्ट्याची वाट तोवर दुसऱ्या कोणाकडे गेली होती, ही साधी सहा फेऱ्यांची लढत. पण मला तीच हवी होती. पुन्हा लॉन्स, पुन्हा सॅटिनच्या खुर्च्या. बनसोडे सर खोलीत आले. मी सांगायच्या आधी मूठ आवळून धरली. त्यांनी अंगठा फिरवला. चौथी टेकडी आता जरा बुटकी आहे, पण आहे. ते बाजूला उभे राहिले आणि सत्तारभाईंनी पट्टी बांधली. दहा मिनिटं लागली.

तीनपैकी दोन पंचांनी मला विजयी ठरवलं. सगळी लढत डाव्या हाताने जिंकले असं म्हणता येईल. नंतर पट्ट्या कापून झाल्यावर मी वरपक्षाच्या खोलीत गेले. रेणुका डोळ्याला बर्फ लावून बसली होती, तिने हसून जागा करून दिली. मी बनसोडे सरांच्या पाया पडले आणि वर्षभर मनात असलेलं विचारलं. सर, त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असता तर तुमची मुलगी एका फेरीत जिंकली असती. का सांगितलंत?

ते टॉवेलची घडी घालत होते. त्यांना प्रश्नच जरा विचित्र वाटला असावा.

"मला बघायला पाठवलं होतं," ते म्हणाले. "मी बघितलं."

त्या आठवड्यात धायरीला गेले. काकांनी उघडा हात पुढे केला. मी उजव्या हाताने सुई धरली, एका टोचण्यात नळी भरली. काकांनी माझ्या सुजलेल्या गालाकडे बघितलं. "जिंकलात की हरलात?" जिंकले. "बघून वाटत नाही," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. त्यांनी चहा विचारण्याची ती पहिली वेळ.

आता मी क्वचित लढते. पुढचं वर्ष बहुतेक शेवटचं. पट्टा काही मिळाला नाही, तो आता मिळणारही नाही. त्याची हळहळ आहे, नाही असं नाही. पण सकाळी साडेसहाला कोणाच्या तरी कोपराच्या खाचेत बोट ठेवते, नस उसळी घेते आणि हात हलत नाही, तेव्हा काय वाचलं ते मला कळतं.

सत्तारभाईंना आता फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून लढतींच्या वेळी समोरच्या खोलीत पट्टी बघायला मी जाते. गेल्या हिवाळ्यात आमच्या एका मुलीची लढत होती. समोरची विदर्भातली, जेमतेम बाविशीची. मी आत गेले तर ती माझ्याकडे बघून खूप हसली. जरा जास्तच. ते हसू माझ्या ओळखीचं होतं.

मी तिच्या तोंडावरची नजर काढली. "मूठ आवळ," म्हटलं.

डावी. एक, दोन, तीन, चार. उजवी. अंगठा सावकाश फिरवला. एक, दोन, तीन. चार.

"काय पाहून राहिले ताई?" तिने विचारलं. नुसती घाबरली होती पोर. म्हटलं, काही नाही, आता सोड. मी मान हलवली, अधिकाऱ्याने सही केली.

त्याच मुठींनी तिने आमच्या मुलीला स्वच्छ हरवलं. परतताना गाडीत सत्तारभाईंनी मागे वळून मला विचारलं, "चारही होत्या?"

"चारही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.